मिशनरी सेवेतील चढउतार : मॉर्मन प्रचारक आणि दक्षिण महाराष्ट्र

प्रस्तावना

तासगाव परिसरात 'मिशन' हा शब्द धर्मप्रसारापेक्षा दवाखान्याशी अधिक निगडित आहे. 'मिरजेच्या मिशनमध्ये नेले होते' असे जुन्या पिढीतील माणूस सांगतो, तेव्हा त्याच्या मनात बाप्तिस्मा नसतो, शस्त्रक्रिया असते. ज्या कार्याचा घोषित हेतू धर्मप्रसार हा होता, त्याची लोकस्मृती मात्र रुग्णसेवेची राहिली. हा विरोधाभास कसा निर्माण झाला, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात १८५२ या एकाच वर्षी मराठी मुलखात नव्या ठिकाणी कामास लागलेल्या दोन प्रचारकांच्या वाटचालीच्या आधारे मिशनरी सेवेतील चढउतारांचे स्वरूप स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. त्यांपैकी एक मॉर्मन होता व दुसरा अमेरिकन मिशनचा होता.

मॉर्मन सेवेचे स्वरूप

'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' हा पंथ जोसेफ स्मिथ यांनी १८३० मध्ये अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात स्थापन केला. 'बुक ऑफ मॉर्मन' या ग्रंथावरून त्याचे अनुयायी 'मॉर्मन' म्हणून ओळखले जाऊ लागले. या पंथातील प्रचारक हा पगारी धर्मोपदेशक नसतो. शेतकरी, कारागीर, विद्यार्थी अशा सामान्य सभासदालाच काही काळापुरते सेवेस पाचारण केले जाते. एकोणिसाव्या शतकात हे प्रचारक पैशाची थैली न बाळगता निघत आणि लोकांच्या आतिथ्यावर विसंबून राहत. आज तरुणांसाठी सेवेचा काळ दोन वर्षांचा असून खर्चाचा भार मुख्यतः ते स्वतः व त्यांचे कुटुंबीय उचलतात. नेमणुकीचे ठिकाण निवडण्याची मुभा त्यांना नसते. प्रचारक जोडीने राहतात आणि त्यांची दिनचर्या काटेकोर असते. पूर्वी घरी दूरध्वनी करण्याची परवानगी वर्षातून साधारण दोनदाच मिळे. २०१९ पासून आठवड्यातून एकदा बोलण्याची सवलत देण्यात आली. बंद दारे, नकार आणि घरची ओढ हे या सेवेचे उतार होत. नवी भाषा, परक्या माणसांचा स्नेह आणि स्वतःची नव्याने होणारी ओळख हे तिचे चढ होत.

पुण्यातील प्रयोग

या पंथाचा महाराष्ट्राशी आलेला पहिला संबंध फारसा परिचित नाही. ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश प्रचारक १८५२ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत उतरला. वृत्तपत्रे व इतर पंथांचे धर्मोपदेशक यांच्याकडून त्याला विरोध झाला. त्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीस सॉल्ट लेक सिटी येथे पंथाने बहुपत्नीत्वाचा जाहीर पुरस्कार केला होता. ही वार्ता हिंदुस्थानात पोहोचल्यावर विरोधकांच्या हाती आयतेच शस्त्र आले.

पुढे फिंडले पुण्यास गेला. लष्कराच्या छावणीत प्रचार करण्यास त्याला मनाई झाली, तेव्हा त्याने शहरवस्तीत बिऱ्हाड केले आणि मराठी शिकण्याचा प्रयत्न केला. १८५३ मध्ये त्याने पुण्यात एक छोटी मंडळी उभी केली. याच वर्षीच्या एप्रिलमध्ये अमेरिकेहून तेरा प्रचारक कलकत्त्यास उतरले आणि त्यांतील काही सयामकडे जाण्यासाठी, तर काही हिंदुस्थानातील निरनिराळ्या शहरांसाठी नेमलेले होते. तथापि त्यांना अनुयायी मिळाले ते प्रामुख्याने युरोपीय व अँग्लो-इंडियन समाजातून. छावणीत मिळालेला अनुयायी पलटणीबरोबर दूर जाई. शिवाय अनुयायांनी अमेरिकेतील आपल्या भूमीत येऊन वसावे, अशी पंथाची त्या काळची शिकवण होती. त्यामुळे मंडळी वाढली तरी ती येथे रुजणे कठीण होते. १८५५ मध्ये फिंडले परतला आणि १८५६ मध्ये शेवटच्या प्रचारकांनीही हिंदुस्थान सोडला. पुण्यात त्यांच्यामागे ना शाळा राहिली, ना दवाखाना.

येथे निष्ठा कमी पडली असे म्हणता येणार नाही. हजारो मैलांचा प्रवास करून, हाती पैसा नसताना ही माणसे आली होती. कमी पडला तो काळ, आणि कमी पडला तो स्थानिक समाजाच्या गरजेशी असणारा दुवा.

कोल्हापूर ते मिरज

रॉयल गोल्ड वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८४६ मध्ये अहमदनगरला आले आणि १८५२ च्या अखेरीस कोल्हापुरात स्थायिक झाले. त्यांचा मार्गही सुकर नव्हता. त्यांचा भर शाळांवर होता. मातृसंस्थेच्या धुरीणांचे मत मात्र शिक्षणापेक्षा प्रत्यक्ष उपदेशास प्राधान्य द्यावे असे होते. मतभेद विकोपास गेले आणि संस्थेचा आधार सुटला. वाइल्डर यांनी काही वर्षे स्वतंत्रपणे काम रेटले आणि १८७० मध्ये ते प्रेस्बिटेरियन मंडळाकडे सोपविले. फिंडलेप्रमाणेच त्यांनाही अनुयायी थोडेच लाभले. परंतु ते पाव शतकाच्या आसपास या मुलखाशी बांधलेले राहिले. त्यांचा कोल्हापुरात १८६३ मध्ये जन्मलेला मुलगा रॉबर्ट पुढे अमेरिकेतील विद्यार्थी स्वयंसेवक चळवळीच्या संस्थापकांपैकी एक झाला.

याच मंडळाच्या कार्याचा विस्तार पुढे सांगली व मिरज येथे झाला. डॉ. विल्यम वानलेस १८८९ मध्ये सांगलीस आले. काही काळाने त्यांनी मिरज हे कार्यक्षेत्र निवडले. तेथील रुग्णालय १८९४ मध्ये सुरू झाले आणि १८९७ पासून वैद्यकीय शिक्षणही देण्यात येऊ लागले. सुमारे चार दशकांच्या सेवेनंतर १९२८ मध्ये ते निवृत्त झाले व १९३३ मध्ये निधन पावले. सांगली-मिरज मार्गावरील 'वानलेसवाडी' हे नाव त्यांचे स्मरण आजही देते. तासगाव तालुका त्या काळी ब्रिटिश सातारा जिल्ह्यात होता, तर मिरज संस्थानी मुलखात. परंतु रुग्णाला ही सीमा अडवीत नव्हती. लोकांनी औषध घेतले, बाप्तिस्मा बहुतांशी नाकारला. धर्मप्रसारकाच्या दृष्टीने हा उतार ठरेल. समाजाच्या दृष्टीने ती विवेकी निवड होती.

एतद्देशीय सेवकाची कोंडी

परकीय मिशनऱ्याला परतीची वाट असते; एतद्देशीय सेवकाला ती नसते. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा १८९५ मध्ये बाप्तिस्मा झाला आणि सगेसोयरे दुरावले. पुढे परकीय मिशनचे वेतन आणि देशी ख्रिस्ती धर्माचे स्वप्न यांतील ताण त्यांना असह्य झाला. १९१७ मध्ये त्यांनी पगारी सेवा सोडली व साताऱ्यात राहून 'देवाचा दरबार' ही कल्पना मांडली. दोनच वर्षांत, १९१९ मध्ये, त्यांचे निधन झाले. या चढउतारांची घरातून भोगावी लागलेली बाजू लक्ष्मीबाई टिळक यांच्या 'स्मृतिचित्रे'मधून समजते. सेवाव्रत एकाचे असले तरी त्याची किंमत सारे कुटुंब मोजते, हे त्यावरून ध्यानात येते.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, सेवाकाल अल्प असेल तर तो सेवकाला घडवितो. समाज घडण्यास मात्र दीर्घ वास्तव्य लागते. दुसरी, सेवक आणि त्याची संस्था यांच्या यशाच्या मोजपट्ट्या भिन्न असू शकतात आणि सेवेतील कटू उतार पुष्कळदा बाहेरच्या विरोधातून नव्हे, तर या भिन्नतेतून येतात. तिसरी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की, सेवेतून काय टिकावे याचा अंतिम निर्णय देणारा करीत नाही, घेणारा करतो.

हा विचार केवळ धर्मप्रसारकांपुरता मर्यादित नाही. १८८४ मध्ये स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य अल्प वेतनावर वीस वर्षे अध्यापन करण्यास बांधलेले असत. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये सुरू केलेली रयत शिक्षण संस्थाही अशाच व्रतस्थ सेवकांच्या बळावर उभी राहिली. ग्रामीण महाविद्यालयात अध्यापन करणाऱ्या आपणा सर्वांचे कामही निकालाच्या टक्केवारीने आणि अहवालातील आकड्यांनी मोजले जाते. ती मोजणी आवश्यक आहेच. परंतु फिंडले व वानलेस यांच्या कार्याकडे पाहताना असे जाणवते की, आपण शिकविलेल्यांपैकी विद्यार्थ्याने काय घेतले आणि काय सोडले, याची नोंद कोणत्याही अहवालात होत नाही. ती त्याच्या पुढील आयुष्यात होते, आणि ती वाचण्यासाठी शिक्षकाला पुरेसा काळ एका जागी थांबावे लागते.