बियाण्याच्या पाकिटावरील काळ्या खुणा

मृग नक्षत्र जवळ आले, की नागपूर जिल्ह्यातील काटोल, सावनेर, हिंगणा आदी तालुक्यांत कपाशीच्या बियाण्याची खरेदी सुरू होते. बियाणे बनावट निघाल्यास सारा हंगाम हातचा जातो. म्हणून पाकिटावरील काळ्या खुणांचा अर्थ प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक असणे अगत्याचे आहे.

बारकोड : कमीअधिक जाडीच्या काळ्या पट्ट्या व त्यांमधील पांढरी जागा यांच्या रूपाने लिहिलेला क्रमांक म्हणजे बारकोड होय. दुकानातील मालावर तो बहुधा १३ अंकी असतो. आरंभीचे ८९० हे अंक भारतातील नोंदणी दर्शवितात. माल भारतातच तयार झाला, असा त्याचा अर्थ नव्हे. शेवटचा अंक आधीच्या १२ अंकांवरून गणिताने काढलेला असतो. त्यामुळे वाचनातील चूक बहुधा तत्काळ उघडकीस येते.

स्कॅनर : हे यंत्र खुणेवर प्रकाश टाकते. काळी पट्टी प्रकाश शोषून घेते, पांढरी जागा तो परत फेकते. या फरकावरून क्रमांक ओळखला जातो. १९७४ च्या जूनमध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यातील एका दुकानात असा माल प्रथम वाचला गेला.

क्यूआर कोड : ही चौकोनी खूण १९९४ साली जपानमध्ये निघाली. तीन कोपऱ्यांतील ठळक चौकोनांवरून तिची दिशा कळते. ती मोबाइलच्या कॅमेऱ्याने वाचता येते. थोडी मळली, तरी अडत नाही.

लॉट क्रमांक : एकत्र तयार करून तपासलेल्या बियाण्याच्या साठ्याचा हा क्रमांक होय. केंद्र शासनाने एप्रिल २०२३ मध्ये सुरू केलेल्या 'साथी' व्यवस्थेत क्यूआर कोडवरून बियाण्याचे मूळ शोधता येते.

मात्र खूण ही ओळख आहे, उगवणीची हमी नव्हे. छापील खुणेची नक्कलही होऊ शकते. यास्तव मोबाइलवर दिसणारे वाण, लॉट क्रमांक व मुदत ही पाकिटावरील मजकुराशी आणि पावतीशी ताडून पाहावीत. तफावत आढळल्यास ते बियाणे पेरू नये. तालुका कृषी अधिकारी अथवा पंचायत समितीचे कृषी अधिकारी यांच्याकडे लेखी तक्रार करावी. पाकीट, लेबल, पावती व थोडे बियाणे पीक हाती येईपर्यंत जपून ठेवावे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही तपासणी पेरणीपूर्वीच गावोगाव करून दाखवावी.