क्यूआरवर आलेले पैसे कोणाचे?

बोरीवलीत आमच्या गटांच्या बैठकीत हल्ली एक प्रश्न हमखास निघतो. गावाकडून महालक्ष्मी सरसमध्ये स्टॉल लावायला मुंबईत येणाऱ्या ताईही तेच विचारतात, "गिऱ्हाईक क्यूआरवर पैसे देतं, मग टॅक्स लागेल का?"

आधी भीती काढू. मोबाईलवर किंवा कार्डावर पैसे घेतले म्हणून वेगळा कर लागत नाही. फक्त त्या पैशांची नोंद राहते. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात कर खात्याने अशाच नोंदी पाहून छोट्या दुकानदारांना नोटिसा पाठवल्या. बंगळुरूत काहींनी क्यूआर काढून 'फक्त रोख' अशा पाट्या लावल्या. पण पाटी बदलली तरी झालेली विक्री बदलत नाही.

आता मर्यादा बघा. आपल्या राज्यात नुसता माल विकत असाल, तर एप्रिल ते मार्च या वर्षात विक्री ४० लाखांच्या वर गेल्यावर जीएसटी नोंदणी लागते. जेवण-नाश्ता करून वाढत असाल, तर २० लाखांनंतर. ही विक्री मोजायची, नफा नव्हे. माल परराज्यात पाठवायचा असेल, तर आधी सल्लागाराला विचारा. तिथे नियम वेगळा आहे.

आयकर नफ्यावर असतो. स्वतःच्या नावाने छोटा धंदा करणाऱ्या बाईला एक सोपी वाट आहे. रोख विक्रीवर किमान ८ टक्के आणि बँकेतून आलेल्या विक्रीवर किमान ६ टक्के नफा धरता येतो. म्हणजे ५ लाखांची विक्री रोखीत झाली तर ४० हजार, क्यूआरवर झाली तर ३० हजार. खरा नफा जास्त असेल, तर तोच दाखवायचा.

खरा घोळ पुढे आहे. दहा जणींचे पापड-मसाले विकले जातात, पण क्यूआर असतो एकीचा. खात्याला तिचा पॅन जोडलेला, त्यामुळे कागदावर सगळी कमाई तिचीच दिसते. उद्या विचारणा झाली, तर उत्तर तिने एकटीने द्यायचं का?

म्हणून येत्या बैठकीत एवढं करा. गटाच्या खात्याचा क्यूआर बँकेतून मागून घ्या. विक्रीच्या वहीत रोख आणि क्यूआर असे दोन रकाने पाडा. कच्च्या मालाची बिलं जपा आणि एका व्यापाऱ्याला एका दिवसात १० हजारांच्या वर रोख देऊ नका. तो खर्च हिशेबात धरला जात नाही. भावाने पाठवलेली ओवाळणी किंवा उसने परत आलेले पैसे धंद्याच्या खात्यात घेऊ नका.

वही चोख असली, की नोटीस आली तरी कोणा एकीची झोप उडणार नाही.