चालू डिरेक्टरी आणि तिच्यावर होणारे माउंट

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा निराळा जिल्हा अस्तित्वात आला. जव्हारचा रहिवासी त्या दिवशी आपल्या घरातून तसूभरही हलला नव्हता. परंतु त्याच्यापर्यंत पोहोचण्याचा कागदोपत्री मार्ग मात्र बदलला. आदल्या दिवसापर्यंत तो ‘महाराष्ट्र, ठाणे, जव्हार’ असा होता, तो ‘महाराष्ट्र, पालघर, जव्हार’ असा झाला. स्थान आणि मार्ग या दोन भिन्न गोष्टी होत, ही साधी बाब दृष्टीआड झाली म्हणजे संगणकाच्या कार्यप्रणालीतील एक प्रश्न विनाकारण गूढ वाटू लागतो. एखाद्या डिरेक्टरीवर दुसरी फाइल-व्यवस्था माउंट केली, तर तेथे आधीपासून असलेल्या प्रोसेसचे काय होते, हा तो प्रश्न होय.

युनिक्सच्या परंपरेतील कार्यप्रणाली प्रोसेसची चालू डिरेक्टरी नावाने लक्षात ठेवीत नाही. जुन्या युनिक्समध्ये प्रत्येक प्रोसेसच्या नोंदीत त्या डिरेक्टरीच्या आयनोडचा निर्देशक असे. लिनक्समध्ये निर्देशकांची जोडी असते: एक माउंटचा, दुसरा त्या माउंटमधील डेन्ट्रीचा. तिरप्या रेघेने सुरू होणारा पूर्ण मार्ग सोडविताना कर्नेल मुळापासून एकेक नाव घेत खाली उतरते, आणि वाटेतील एखाद्या डिरेक्टरीवर काही माउंट केलेले आढळले की त्या नव्या व्यवस्थेच्या मुळाशी जाते. सापेक्ष मार्ग मात्र चालू डिरेक्टरीपासून सुरू होतो. हा आरंभबिंदू नावाने शोधलेला नसल्यामुळे त्याच्यावर काही माउंट झाले आहे काय, ही तपासणी तेथे होतच नाही. सारी गोम येथे आहे.

समजा, कल्याणमधील एखाद्या महाविद्यालयाच्या संगणकावर उल्हास नदीच्या पातळीची मापने ‘/मापन’ या डिरेक्टरीत जमा होतात, आणि त्या नावावर एक मोठी स्वतंत्र डिस्क माउंट करावयाची आहे. नोंदी लिहिणारी प्रोसेस त्या डिरेक्टरीत आधी सुरू झाली व डिस्क मागाहून माउंट झाली. प्रोसेस सापेक्ष नावांनी फाइली उघडीत असेल, तर तिच्या नोंदी मूळच्या लहान डिस्कवरच पडत राहतील. दुसऱ्या टर्मिनलवरून ‘/मापन’ पाहणाऱ्या विद्यार्थ्याला नवी डिस्क दिसेल, तीही रिकामी. आता त्या प्रोसेसने कर्नेलला आपला ठावठिकाणा विचारला तर उत्तर येईल ‘/मापन’. उत्तर खोटे नव्हे. परंतु त्या मार्गाने जाणारा भलतीकडेच पोहोचेल. ‘डीएफ’ ही आज्ञा मूळ डिस्क भरत चालल्याचे सांगते आणि ‘डीयू’ला त्या फाइली सापडत नाहीत, अशा विसंगतीमागे पुष्कळदा हेच कारण असते. पावसाळ्याच्या नोंदी गेल्या म्हणून कपाळाला हात लावण्याचे मात्र प्रयोजन नाही. त्या झाकल्या गेलेल्या असतात, पुसल्या गेलेल्या नसतात. माउंट काढताच त्या दिसतात. ते काढणे गैरसोयीचे असेल तर मूळ व्यवस्था बाइंड-माउंटने अन्यत्र जोडून झाकलेला भाग पाहता येतो.

येथे शेलच्या एका खोडीचा उल्लेख केला पाहिजे. बॅश आपली चालू डिरेक्टरी नावानेही जपून ठेवतो. त्यामुळे ‘सीडी’पुढे नुसता बिंदू देणारी, वरकरणी निरर्थक आज्ञा बॅशमध्ये पूर्ण मार्ग नव्याने सोडविते आणि वापरणारा नव्या डिस्कवर जातो. तोच बिंदू थेट कर्नेलला दिला असता प्रोसेस जागच्या जागी राहिली असती. दोन विद्यार्थ्यांचे प्रयोग परस्परविरोधी निष्कर्ष देतात ते असे.

लिनक्सचे हे वर्तन अपरिहार्य आहे असे नाही. १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये ती डिरेक्टरी अन्य कोणी धरून ठेवलेली असेल तर माउंट सरळ नाकारले जाई. फ्रीबीएसडी, नेटबीएसडी व ओपनबीएसडी यांनी तिसरी वाट धरली: माउंट होताच सर्व प्रोसेस तपासून, ज्यांची चालू डिरेक्टरी नेमकी तीच आहे त्यांना नव्या व्यवस्थेच्या मुळाशी नेऊन ठेवावयाचे. मात्र तिच्या पोटातील उपडिरेक्टरीत असलेल्या प्रोसेस झाकलेल्या भागातच राहतात. नव्या व्यवस्थेत त्या नावाची उपडिरेक्टरी असेलच असे नाही, मग त्यांना न्यावयाचे कोठे? प्रस्तुत लेखकास लिनक्सची रीत अधिक सुसंगत वाटते, कारण तीत दोघांनाही एकच नियम लागू पडतो. व्यवस्थापकाच्या दृष्टीने मात्र सातव्या आवृत्तीचा नकारच अधिक सुरक्षित होता, हे मान्य केले पाहिजे.

माउंट काढताना प्रश्न उलट दिशेने उभा राहतो. माउंट केलेल्या व्यवस्थेत एखाद्या प्रोसेसची चालू डिरेक्टरी असेल तर कर्नेल ‘बिझी’ म्हणून नकार देते. अशी प्रोसेस कोणती, हे ‘फ्यूझर’ किंवा ‘एलएसओएफ’ने शोधता येते. लिनक्समध्ये ‘लेझी’ पद्धतीने माउंट काढले तर नाव तत्काळ सुटते, पण आतली प्रोसेस आतच राहते व सापेक्ष मार्गांनी पूर्ववत लिहीत राहते. तिने ठिकाणा विचारल्यास लिनक्स २.६.३६ पासून उत्तराच्या आरंभी ‘अनरीचेबल’ हा शब्द येतो. अशी शेवटची प्रोसेस बाहेर पडेपर्यंत ती डिस्क वापरातच असते, मग माउंटच्या यादीत तिचे नाव नसले तरी.