ओल, भाड्याच्या घरातील

भिंत, छत किंवा जमीन यांत पाणी मुरून टिकून राहणारा दमटपणा म्हणजे ओल. ती हटली नाही, तर तिच्यावर बुरशी वाढते. घरात राहणारा एक व घराचा धनी दुसरा असला, म्हणजे पाणी कोठून येते यावर केवळ उपाय नव्हे, तर खर्चाचा भारही अवलंबून असतो. त्यामुळे उगम शोधण्यापूर्वी रंग लावणे, ही सर्वत्र आढळणारी चूक दोघांनाही महाग पडते.

अमरावती व अकोला या वऱ्हाडातील शहरांत ओलीची काही कारणे स्थानिक आहेत. येथील काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. पाया खोल व भक्कम नसल्यास भिंतींना तडे जातात व जमिनीखालील नळांचे सांधे उकलतात. उन्हाळी तापमान ४५° से.च्या वर जात असल्याने गच्चीचा गिलावाही तडकतो, मात्र हे तडे पहिल्या पावसापर्यंत कळत नाहीत. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाण पट्ट्यात माती व भूजल क्षारयुक्त असल्याने विटांना लोणा लागतो. खिडकीत बसविलेल्या कूलरची गळती हे आणखी एक कारण. ते ऐन उन्हाळ्यात भिंत भिजविते.

उगम ओळखण्यास डाग पुरेसा बोलका असतो. पावसानंतर वाढणारा छतावरील डाग गच्चीचा, तर बारमाही ओला राहणारा डाग बहुधा नळाचा किंवा वरच्या न्हाणीघराचा असतो. रात्री सर्व तोट्या बंद करून टाकीतील पातळीची खूण करावी; सकाळी ती खाली गेलेली आढळल्यास गळती आहे असे समजावे. जमिनीपासून सुमारे एक मीटरपर्यंत चढलेला पट्टा खालून वर येणाऱ्या ओलीचा असतो. लोण्याची पांढरी भुकटी पाण्यात विरघळते, बुरशी विरघळत नाही व तिला कुबट वास येतो. उन्हाळ्यात घर पाहताना भिंतीच्या केवळ खालच्या भागाला दिलेला ताजा रंग संशयास्पद समजावा.

भिजलेल्या पृष्ठावर एकदोन दिवसांत बुरशी रुजू शकते. ॲस्परजिलस, पेनिसिलियम व क्लॅडोस्पोरियम या प्रजाती घरांत नेहमी आढळतात. ओल व बुरशी यांचा दमा आणि श्वसनाच्या इतर तक्रारींशी संबंध असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत नमूद आहे. बुरशी कोरड्या कुंच्याने झाडू नये, कारण बीजाणू हवेत पसरतात. नाकातोंडावर कापड बांधून ती साबणाच्या पाण्याने पुसावी. विरंजक चूर्ण व संडास धुण्याचे आम्ल एकत्र केल्यास विषारी क्लोरीन वायू निर्माण होतो. विटांची भिंत पूर्ण सुकण्यास कित्येक आठवडे लागतात. म्हणून गच्चीची दुरुस्ती एप्रिल–मेमध्ये करणे श्रेयस्कर.

कायदेशीर बाजू : ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ ने वऱ्हाडात पूर्वी लागू असलेल्या मध्य प्रांत व वऱ्हाडच्या १९४६ च्या कायद्याची जागा घेतली. त्याच्या कलम १४ नुसार, विरुद्ध करार नसल्यास, घर राहण्याजोगे दुरुस्त ठेवणे मालकावर बंधनकारक आहे. किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही वाजवी मुदतीत दुरुस्ती न झाल्यास भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वजा करू शकतो. मात्र एका वर्षातील ही रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एकचतुर्थांशाहून अधिक असता कामा नये. उदा., दरमहा ६,००० रु. भाड्याच्या घरात वर्षाला १८,००० रुपयांपर्यंत. नोटीस पोचपावती मिळेल अशा रीतीने पाठवावी व पावत्या जपाव्यात, कारण खर्चाचा पुरावा म्हणून त्या निर्णायक ठरतात. रागाने सगळे भाडेच थांबविणे धोक्याचे. भाडे भरणाऱ्यालाच कायदा घर खाली करण्यापासून संरक्षण देतो. स्वतःच्या कूलरने भिजविलेल्या भिंतीचा खर्च अर्थातच मालकावर टाकता येत नाही.

‘लीव्ह अँड लायसन्स’ करारान्वये राहणारी व्यक्ती भाडेकरू गणली जात नाही आणि कलम १४ तिला थेट लागू पडत नाही. अशा वेळी गच्ची, नळ व बाहेरील भिंतींची दुरुस्ती कोणाकडे, हे करारातच लिहून घ्यावे लागते. कलम ५५ नुसार करार लेखी व नोंदणीकृत करण्याची जबाबदारी मालकाची असून, तसा करार नसल्यास अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते.