रंगानें पटणारी ओळख

‘फुप्फुसाचा कर्करोग’ एवढें वैद्यानें सांगितलें म्हणजे निदान पुरें झालें, असें आपणांस वाटतें. वस्तुतः तेथें निम्मेंच काम झालेलें असतें. या एका नांवाखालीं अनेक रोग नांदतात, आणि एकास तारक ठरणारें औषध दुसऱ्यास मारकही होऊं शकतें. बेव्हासिझुमॅब या औषधाच्या आरंभींच्या चाचण्यांत कांहीं रोग्यांच्या फुप्फुसांत प्राणघातक रक्तस्राव झाला. त्यांत शल्कपेशींचा कर्करोग असलेले विशेष होते. म्हणून २००६ सालीं अमेरिकेंत फुप्फुसाच्या कर्करोगासाठीं त्यास मान्यता मिळाली, ती हा प्रकार वगळूनच.

मग प्रकार ओळखावयाचा कसा? ग्रंथिजन्य कर्करोगाच्या पेशी ग्रंथींसारखी रचना करतात. शल्कपेशी त्वचेप्रमाणें केराटिन बनवितात. सूक्ष्मदर्शकाखालीं हें दिसलें कीं प्रश्न सुटला. परंतु सुईनें काढलेला तुकडा अगदीं बारीक, आणि पुष्कळदां पेशी आपलें कुलशील पार विसरलेल्या! अशा वेळीं त्यांच्या पोटांतील प्रथिनें शोधावीं लागतात.

हें काम प्रतिपिंडें करतात. रोगजंतूंशीं झुंजण्यासाठीं शरीर जीं बनवितें, तींच हीं. प्रत्येक प्रतिपिंड ठराविक लक्ष्यालाच बिलगतें. १९४१ सालीं आल्बर्ट कून्स यांनीं प्रतिपिंडास चमकणारा रंग जोडून दाखविला. १९७५ सालीं कोहलर व मिलस्टीन यांनीं एकाच साच्याचीं प्रतिपिंडें हवीं तितकीं निर्माण करण्याची रीत शोधली. आज रंगाऐवजीं बहुधा एंझाइमची योजना करतात, आणि प्रथिन असेल तेथें तपकिरी डाग उमटतो. केंद्रकांत टीटीएफ-१ उमटलें तर ग्रंथिजन्य, पी-४० उमटलें तर शल्कपेशींचा, असा आडाखा आहे.

आडाखाच म्हणावयाचा, कारण टीटीएफ-१ लघुपेशी कर्करोगांतही बहुधा उमटतें, आणि थायरॉइड ग्रंथींतून फुप्फुसांत पसरलेल्या गांठींतही. उलट, कित्येक ग्रंथिजन्य कर्करोगांत तें मुळींच दिसत नाहीं. केवळ डागावर विसंबणारा परीक्षक माझ्या मतें धोक्याचाच.

म्हणून दहा खुणा लावून पाहण्याचा मोह होतो. पण प्रत्येक परीक्षेस त्या चिमुकल्या तुकड्याचा एकेक पापुद्रा खर्ची पडतो, आणि पुढें त्याच तुकड्यांतून ईजीएफआरसारख्या जनुकांतील बदल शोधावयाचे असतात. गोळीच्या रूपानें घेण्याचीं कित्येक औषधें त्यांवरच ठरतात. यास्तव लहान तुकड्यांत मोजक्याच खुणा वापराव्या, असा संकेत जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ सालच्या वर्गीकरणांत आहे. पुष्कळदां टीटीएफ-१ व पी-४० या दोनच पुरतात. तुकडा संपलाच, तर आधींच धाप लागलेल्या रोग्याच्या छातींत पुन्हां सुई घालावी लागते.