जांभळाची बी, कारल्याचा रस आणि शुगर

जूनमध्ये जांभळं बाजारात आली की मधुमेहाच्या घरगुती उपायांनाही बहर येतो. शिरूर तालुक्यातलं कवठे येमाई काय किंवा पलीकडचं दौंड काय, पद्धत सगळीकडे तीच. गर मुलांनी खायचा, बिया धुऊन पत्र्यावर वाळवायच्या, कुटून भुकटी करायची आणि घरात ज्याला शुगर निघाली त्याला रोज सकाळी चमचाभर द्यायची. त्याच माणसाला आंबा बंद, केळं बंद आणि सीताफळाचं तर नावही काढायचं नाही. फळ ताटातून हद्दपार आणि त्याची बी औषधाच्या डबीत, असा हा हिशेब आहे. तो दोन्हीकडून चुकतो.

बी अगदीच कुचकामी आहे, असं कुणी म्हणत नाही. तिच्या अर्कानं प्रयोगशाळेतल्या उंदरांची साखर उतरल्याच्या नोंदी आहेत. पण माणसांवर कसोटी लावली की चित्र बदलतं. ब्राझीलमध्येही जांभूळ हे मधुमेहाचं लोकप्रिय गावठी औषध. तिथल्या डॉक्टरांनी रुग्णांच्या एका गटाला जांभळाच्या पानांचा चहा दिला, दुसऱ्याला ग्लिबेनक्लामाइडची गोळी. 2006 मध्ये निष्कर्ष छापून आले: गोळीवाल्यांची साखर उतरली, चहावाल्यांची नाही. ही चाचणी पानांची होती, बियांची नव्हे, हे मान्य. पण बियांच्या बाजूनं गोळी सोडून द्यावी इतका भक्कम पुरावा कुणीही पुढे ठेवलेला नाही. कारल्याचंही तसंच. जगभरच्या चाचण्या पारखणाऱ्या कॉक्रेन संस्थेनं 2012 मध्ये कारल्यावरचे प्रयोग तपासले आणि पुरावा अपुरा ठरवला.

मग झाडपाल्यात दम नसतो का? असतो. सफरचंदाच्या झाडाच्या मुळांच्या सालीतून 1835 मध्ये फ्लोरिझिन नावाचं द्रव्य वेगळं काढलं गेलं. त्यामुळे साखर लघवीवाटे बाहेर पडते, हे पुढे कळलं. पण ते आतड्यातून नीट शोषलंच जात नव्हतं. त्याच्या रचनेवरून बेतलेली डापाग्लिफ्लोझिनसारखी औषधं रुग्णाच्या हातात पडायला पावणेदोनशे वर्षं गेली. आज मधुमेहावर सर्वाधिक लिहून दिली जाणारी मेटफॉर्मिनसुद्धा अशीच, युरोपातल्या गॅलेगा या वनस्पतीच्या अभ्यासातून आलेली. गोळीत डोस मोजलेला असतो. चमचाभर भुकटीत नेमकं काय आणि किती आहे, हे ती कुटणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

‘फायदा नाही झाला तरी अपाय तर नाही ना?’ हा समज सगळ्यांत महागात पडतो. 2010 मध्ये दिल्लीत मधुमेह असलेल्या एका शास्त्रज्ञाचा दुधी आणि कारल्याचा रस प्यायल्यावर मृत्यू झाला. हा रस ते बरीच वर्षं नियमानं घेत होते. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं तज्ज्ञांची समिती नेमली. दुधी कडू लागला तर रस फेकून द्या आणि त्यात दुसरा रस मिसळू नका, असं समितीनं बजावलं. कारण उघड आहे: कारल्याच्या कडूपणात दुधीचा विषारी कडूपणा लपून जातो. मूत्रपिंडं कमजोर झालेल्यांसाठी कमरख हे फळही घातक ठरतं. त्यातलं विष लघवीवाटे बाहेर पडत नाही आणि थेट मेंदूवर परिणाम करतं. मधुमेहींत मूत्रपिंडाचे रुग्ण किती असतात, हे वेगळं सांगायला नको.

फळानं साखर उतरली म्हणजे ते औषध झालं, असंही नाही. बिहारमधल्या मुझफ्फरपूरला उपाशी, कुपोषित मुलांनी लिची खाल्ली आणि त्यांची साखर जीवघेणी खाली गेली. 2014 मधल्या साथीच्या तपासात ते समोर आलं.

आता ताटाकडे वळू. शंभर ग्रॅम जांभळात साधारण 14 ग्रॅम कर्बोदकं असतात. आंब्यात यापेक्षा दोन-तीन ग्रॅमच जास्त. म्हणजे जांभूळ बिनसाखरेचं नाही आणि आंबा म्हणजे विष नाही. शिवरात्रीला कवठ ‘शुगरला चांगलं’ म्हणून आणतात आणि त्यात मूठभर गूळ कालवतात, तेव्हा कवठाची बाजू घ्यावी तरी कशी! चीनमध्ये पाच लाख लोकांचा काही वर्षं मागोवा घेतला गेला. त्यातले जे मधुमेही आठवड्यातून तीनपेक्षा जास्त दिवस ताजी फळं खात, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण कमी आढळलं. फळांमुळेच ते कमी झालं, असं अशा अभ्यासातून सिद्ध होत नाही. पण फळं तोडण्याचा सल्ला त्यातून नक्कीच निघत नाही. रसाचं मात्र उलट. हार्वर्डच्या संशोधकांना 2013 मध्ये सबंध फळं खाणाऱ्यांत मधुमेहाचा धोका कमी दिसला आणि रस पिणाऱ्यांत जास्त. रसाचा उपयोग एकाच वेळी: साखर 70 च्या खाली जाऊन घाम फुटला, हात थरथरले, की अर्धा पेला लगेच प्यावा.

या चर्चेत पुणे जिल्ह्याचाही वाटा आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायांचा आहार नोंदवला. ज्या माता पालेभाज्या, फळं आणि दूध अधिक घेत, त्यांची बाळं अंगानं मोठी होती. आणि या गावांतली सरासरी 2.7 किलोची किडकिडीत बाळं इंग्लंडमधल्या 3.5 किलोच्या बाळांशी ताडली, तेव्हा वजनाच्या मानानं यांच्या अंगात चरबी जास्त निघाली. बारीक अंगातली ही चरबीच मधुमेहाचा धोका वाढवते. ‘आमच्यात कुणी जाड नाही, आम्हाला कुठली शुगर?’ हे गावोगाव ऐकू येणारं वाक्य तिथंच निकालात निघतं.

राष्ट्रीय पोषण संस्थेचा 2024 चा सल्ला निरोगी माणसाला दिवसाला शंभर ग्रॅम फळांचा आहे. मधुमेह्यानं आपलं प्रमाण डॉक्टरांशी बोलून ठरवावं, फळ चावून खावं आणि भुकटी घेतच असेल तर तेही त्यांना सांगावं. इन्सुलिनवर असलेल्यानं ते परस्पर बंद केलं, तर जीवावर बेतू शकतं. शुगर आहे की नाही, हे तपासायला पैशांची अडचणही उरलेली नाही: 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत.