कवचबीज, सर्पगंधा आणि डोपामीन : औषध देण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न

कवचबीज अर्थात कपिकच्छू हे आपल्या सर्वांच्या नित्य वापरातील द्रव्य आहे. वाजीकर, बल्य व वातशामक म्हणून चूर्ण, पाक, गुटी अशा विविध रूपांत आपण ते देतो. औषधविक्रेत्यांकडून तर ते फारशी विचारपूस न होताही विकले जाते. या बीजात लेव्होडोपा असते आणि शरीरात त्याचे डोपामीन बनते, हे मात्र औषध देताना नेहमीच ध्यानात राहते असे नाही. म्हणून डोपामीनचे कार्य आणि त्यायोगे आपल्यावर येणारी जबाबदारी यांचा येथे थोडक्यात विचार करू.

डोपामीनच्या ज्ञानाचा इतिहास आपल्या दोन वनस्पतींशी निगडित आहे. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी रक्तदाब व उन्मादातील सर्पगंधेचे अनुभव प्रसिद्ध केले. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांच्या १९४९ मधील शोधनिबंधाने तिची कीर्ती परदेशी पोहोचली आणि १९५२ मध्ये तिच्यातील रेसर्पीन वेगळे करण्यात आले. पुढे १९५७ मध्ये स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी सशांना रेसर्पीन दिले, तेव्हा ते निश्चेष्ट पडले. त्यांना डोपा टोचताच ते अल्पावधीत पुन्हा हिंडू-फिरू लागले. रेसर्पीनने मेंदूतील डोपामीनचा साठा रिता केला होता. डोपाने तो भरून काढला. या कार्याबद्दल कार्लसन यांना २००० सालचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. हेच लेव्होडोपा कवचबीजातून दामोदरन व रामस्वामी या भारतीय संशोधकांनी १९३७ मध्येच वेगळे केले होते. तात्पर्य, एक वनस्पती घडा रिकामा करते, तर दुसरी तो भरते.

डोपामीनचे एक प्रमुख कार्य हालचालींशी संबंधित आहे. मध्यमेंदूतील विशिष्ट पेशी नष्ट झाल्याने ते कमी पडले की कंप, ताठरता व मंदगती ही पार्किन्सन रोगाची लक्षणे दिसू लागतात. आपण त्यांचा विचार कंपवातात करतो. दुसरे कार्य इच्छा व प्रेरणेशी निगडित आहे. वृत्तपत्रे डोपामीनला ‘आनंदाचे रसायन’ म्हणतात, ते मात्र यथार्थ नाही. वुल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत असे आढळले की, अनपेक्षितपणे फळाचा रस मिळताच या पेशी उद्दीपित होतात. रसापूर्वी नेहमी दिवा लागू लागला की त्या रसाने नव्हे, तर दिव्याने उद्दीपित होतात. आणि अपेक्षित रस न मिळाल्यास त्यांचे कार्य मंदावते. म्हणजे डोपामीन सुखापेक्षा सुखाच्या अपेक्षेची व हव्यासाची भाषा बोलते.

व्यसनाचे स्वरूप यावरून उलगडते. तंबाखू, मद्य, अफू ही सर्व द्रव्ये या मार्गात डोपामीन वाढवितात. कालांतराने सुख ओसरते, परंतु पुडी दिसताच उठणारी ओढ कायम राहते. ‘आता मजा येत नाही, पण सुटतही नाही’ असे सांगणारा रुग्ण खोटे बोलत नसतो. अहितकर सवय एकदम न तोडता अंशाअंशाने सोडावी, हा चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील उपदेश येथे स्मरणीय आहे.

मानसरोगांत याची दुसरी बाजू दिसते. छिन्नमनस्कतेच्या तीव्र अवस्थेत मेंदूच्या काही भागांत डोपामीनचा स्राव वाढलेला आढळतो आणि तीवरील बहुतेक प्रचलित औषधे डोपामीनची क्रिया रोखतात. त्यामुळेच काही रुग्णांना त्यांपासून कंप व ताठरता येते. अर्थात, हा व्याधी केवळ डोपामीनमुळे होतो असे समजणे चुकीचे ठरेल.

आता मात्रेचा विचार करू. कवचबीजातील लेव्होडोपाचे प्रमाण सर्वसाधारणपणे ४ ते ६ टक्के आढळते. जात, शोधन व पाक यांनुसार ते बदलते. या हिशेबाने ५ ग्रॅम चूर्णातून २०० ते ३०० मिलिग्रॅम लेव्होडोपा पोटात जाऊ शकते. पार्किन्सनच्या गोळीत लेव्होडोपासोबत कार्बिडोपा असते. ते लेव्होडोपाचे मेंदूबाहेरील विघटन रोखते, म्हणून सुमारे चतुर्थांश मात्रा पुरते. अशी गोळी घेणाऱ्यास कवचबीज दिल्यास त्यातील लेव्होडोपालाही हे संरक्षण मिळते व परिणाम अनपेक्षितपणे वाढू शकतो. २००४ मध्ये लंडन येथील अभ्यासात ३० ग्रॅम कवचबीजकल्पाचा परिणाम सरासरी ३५ मिनिटांत, तर गोळीचा ६९ मिनिटांत दिसला. रुग्ण अवघे ८ होते. तरी हे द्रव्य सौम्य समजू नये, एवढा बोध त्यातून निश्चित होतो.

वर्तनावरील परिणाम अधिक दुर्लक्षिला जातो. अमेरिका व कॅनडातील ३,०९० पार्किन्सन रुग्णांच्या २०१० च्या अभ्यासात १३.६ टक्के रुग्णांना जुगार, खरेदी, खाणे वा कामवासना यांपैकी एखादी गोष्ट अनावर झालेली आढळली. डोपामीनसदृश औषधे घेणाऱ्यांत हे प्रमाण १७.१ टक्के, तर न घेणाऱ्यांत ६.९ टक्के होते. लेव्होडोपाची अधिक मात्राही यास पोषक ठरते. रुग्ण संकोचाने बोलत नाही आणि कुटुंबीयांना औषधाशी संबंध लक्षात येत नाही. वृद्ध कंपवाती रुग्णाची वाढलेली कामेच्छा आपण वाजीकर औषधाचे यश समजलो, तर दुष्परिणामालाच गुण मानल्यासारखे होईल.

म्हणून वैद्यांनी पुढील दक्षता घ्यावी, असे आम्ही सुचवितो.

१. कवचबीज देण्यापूर्वी पार्किन्सन, मानसरोग, नैराश्य व रक्तदाब यांवरील चालू औषधे विचारावीत आणि शक्यतो चिठ्ठी स्वतः पाहावी.

२. रुग्णास पूर्वी भास वा संशयविकार झाला असल्यास कवचबीज टाळावे.

३. कंपवात वा नैराश्य असलेल्यास सर्पगंधा देऊ नये.

४. कवचबीजाने मळमळ झाल्यास मेटोक्लोप्रामाइड सुचवू नये. ते डोपामीनला रोखते व कंप वाढविते.

५. पार्किन्सनची चालू गोळी एकाएकी बंद करू नये. तीव्र ज्वर व ताठरता येऊन जीव धोक्यात येऊ शकतो. मात्रेतील बदल संबंधित तज्ज्ञाच्या विचारानेच करावा.

६. प्रत्येक भेटीत पैशांचा व्यवहार, झोप व स्वभावातील बदल यांविषयी घरच्यांना स्वतंत्रपणे विचारावे.

औषधविक्रेत्यांनाही आमची विनंती आहे की, कवचबीजयुक्त कल्प मागणाऱ्यास ‘दुसरी कोणती औषधे चालू आहेत?’ एवढा प्रश्न अवश्य विचारावा आणि उत्तर होकारार्थी असल्यास त्यास वैद्यांकडे पाठवावे. एखादी विक्री त्यामुळे कमी होईल, परंतु एखादा रुग्ण वाचेल. ‘आमच्या औषधांना दुष्परिणाम नाहीत’ असे सांगणे सोपे असते. तथापि ज्या द्रव्यात गुण देण्याचे सामर्थ्य आहे, त्यात अविचाराने वापरल्यास अपाय करण्याचेही सामर्थ्य असते.